मशीन बदलण्याआधी ट्रे उघडून बघा

तुमचा प्रश्न असा आहे: ऑफिसातलं मोठं मशीन, ज्यात प्रिंट, झेरॉक्स आणि स्कॅन सगळं एकत्र होतं, ते दिवसातून पाच-सहा वेळा कागद अडकवतं. रोलर दोनदा बदलले, कागदाची कंपनी बदलली, चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. दोन्ही बाजूंनी छापताना तर जास्तच. आता मशीनच बदलायचं का?

इतक्यात नको. मी वीसहून अधिक वर्षं ही मशीनं दुरुस्त करतोय. ‘कागद खातंय’ म्हणून बोलावणं आलं, की बहुतेक वेळा मशीनच्या आत मोडलेलं असं काही सापडत नाही. कारण सापडतं ते ट्रेमध्ये, अर्धवट फाडलेल्या रीममध्ये आणि ट्रे भरतानाच्या घाईत. रोलर बदलल्यावर चार दिवस बरं चालतं, यातच तुमचं अर्धं उत्तर आहे. नवं रबर वाईट भरलेला कागदही ओढून नेतं. त्यावर कागदाची भुकटी बसली, की मूळ दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

मशीन कागद उचलतं कसं, ते आधी डोळ्यांसमोर आणा. ट्रेच्या तळाची पत्र्याची पट्टी कागदांची चळत वर उचलून धरते. सगळ्यात वरच्या तावावर रबरी रोलर टेकतो आणि फिरून त्याला पुढे ढकलतो. त्याच्यासमोर दुसरा रोलर किंवा एक छोटा पॅड असतो. वरच्या तावाबरोबर चिकटून निघालेल्या दुसऱ्या तावाला अडवून धरायचं, एवढंच त्याचं काम. हा सगळा घर्षणाचा हिशोब आहे. रोलरची कागदावरची पकड सगळ्यात जास्त, पॅडची त्याहून कमी आणि कागदाची कागदावरची सगळ्यात कमी असावी लागते. हा क्रम बिघडला, की एकतर ताव उचललाच जात नाही, नाहीतर दोन-तीन एकदम आत जातात.

पुढे वाटेत जागोजागी सेन्सर असतात. ताव अमुक इतक्या वेळात इथे पोचलाच पाहिजे, असा मशीनचा हिशोब ठरलेला असतो. तो उशिरा पोचला की मशीन थांबतं आणि जॅम दाखवतं. म्हणजे पुष्कळदा कागद कुठे अडकलेलाच नसतो, त्याला फक्त उशीर झालेला असतो. दार उघडून बघावं, तर ताव न चुरगळता वाटेत निवांत पडलेला दिसतो. असा गुळगुळीत ताव हाती आला तर रोलर घसरतोय असं समजा. पंख्यासारख्या घड्या पडलेला आला, तर तो पुढे कशाला तरी धडकलाय. अडकलेला कागद चुरगळून फेकून देण्याआधी एकदा नीट बघा, कारण तोच तुम्हाला निम्मं निदान सांगतो.

एका ऑफिसात मी याच तक्रारीसाठी चौथ्यांदा गेलो होतो. त्या दिवशी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. मशीनजवळ खुर्ची घेऊन बसलो आणि तिथल्या गृहस्थांना म्हटलं, नेहमी भरता तसाच कागद भरा. त्यांनी रीमचं वेष्टन मधोमध फाडलं, अर्धी रीम उचलली, ट्रेमध्ये उरलेल्या तीसेक तावांवर ठेवली, तळव्याने दाबली आणि ट्रे धाडकन आत ढकलला. उरलेली अर्धी रीम तशीच उघडी मशीनच्या डोक्यावर ठेवली, जिथून गरम हवा बाहेर येते तिथेच. मी ट्रे पुन्हा ओढून बघितला. मागचा गाइड, म्हणजे कागदाला जागेवर धरणारी सरकती पट्टी, एक खाच मागे राहिला होता. कागद आणि गाइड यांच्यात करंगळीचं टोक जाईल एवढी फट होती. ट्रे आत ढकलला की त्या धक्क्याने वरचे ताव मागे सरकत, आणि रोलर खाली येई तेव्हा कागदाची कड त्याच्या जागेवर नसे.

त्या गृहस्थांना मी बोल लावला नाही, कारण त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं. दहा मिनिटं दोघांनी मिळून दोन-तीनदा ट्रे भरला. त्यानंतर या तक्रारीसाठी मला तिथे जावं लागलं नाही. म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून इतकं सविस्तर लिहावंसं वाटलं.

आता ओलाव्याबद्दल. याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही आणि सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि परत सोडतोही. चांगल्या, कोरड्या वाटणाऱ्या कॉपियरच्या कागदातही वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी असतं. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, ए-४ ताव साधारण ५ ग्रॅमचा. ५०० तावांची रीम झाली अडीच किलोची, आणि त्यात सव्वाशे ग्रॅम पाणी. हे पाणी हवंच असतं. ते फार कमी झालं तर कागदावर स्थिर वीज साठते आणि ताव एकमेकांना चिकटतात. जास्त झालं तर कागद सादळतो, लुळा पडतो आणि रोलरच्या ढकलण्यासरशी पुढे जाण्याऐवजी दुमडतो.

लेसर मशीनमध्ये टोनर, म्हणजे छपाईची पूड, कागदावर पक्का करणाऱ्या फ्युजरचं तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. सादळलेला ताव त्यातून गेला की त्यातलं पाणी क्षणात वाफ होऊन निघतं. कागदाच्या दोन बाजू सारख्या सुकत नाहीत, म्हणून ताव वळतो, कधी त्यावर सुरकुत्या येतात. एकाच बाजूची प्रिंट असेल तर तो वळलेला ताव बाहेर येऊन पडतो आणि तुमच्या लक्षातही येत नाही. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर मात्र त्याच गरम, वळलेल्या तावाला मशीनच्या आत उलटं फिरून, अरुंद वळणातून पुन्हा सगळा प्रवास करायचा असतो. कडा वर आलेल्या असल्या की तो गाइडला धडकतो. दोन्ही बाजूंच्या छपाईत तुमच्याकडे जास्त अडकतं ते मला तरी याचंच लक्षण वाटतं. खात्री करायला सोपं आहे. मशीनमधून नुकताच आलेला, एकाच बाजूने छापलेला ताव टेबलावर ठेवा. चारी कोपरे बोटाच्या पेराएवढे वर उचललेले दिसले तर तुमचा कागद बहुधा ओला आहे.

रीमचं वेष्टन म्हणूनच असतं. त्याला आतून ओलावा अडवणारा थर असतो, ते नुसतं कागद बांधायचं पुडकं नव्हे. ट्रेमध्ये जेवढे ताव मावतील तेवढेच वेष्टनातून काढा, उरलेले त्याच वेष्टनात गुंडाळून तोंड चिकटपट्टीने बंद करा. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा असेल तर आणखी चांगलं. रीम आडवी ठेवा. उभी ठेवली की खालची कड दबते आणि सगळ्या तावांना एकाच जागी बाक येतो. फरशीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका, खाली फळी असू द्या. गार गोदामातून आणलेली रीम लगेच फोडू नका. गार कागदावर खोलीतली ऊबदार हवा लागली की ओल धरते. एक रात्र तिला वेष्टनासकट मशीनच्याच खोलीत राहू द्या. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास असली तर कागद शहाण्यासारखा वागतो. हवा दमट असेल तेव्हा रात्री ट्रेमध्ये पाचशे ताव ठेवून जाऊ नका. ट्रे म्हणजे उघडीच जागा आहे. दिवसाला लागेल तेवढाच कागद भरा.

चळतीच्या कडांवरूनही कळतं. कडा लाटांसारख्या झाल्या असतील तर कागदाने कडेकडून ओलावा घेतलाय. कडा ताणलेल्या आणि मधला भाग फुगलेला दिसला तर कडा सुकल्यात. दोन्ही प्रकारचा कागद मशीनमध्ये घालू नका, लिहायला वापरा.

आता प्रत्यक्ष भरणं. वेष्टनाच्या एका टोकावर, जिथे चिकटवलेलं असतं तिथून ते उघडा. मधोमध नखाने फाडताना वरच्या दोन-चार तावांवर चर पडतो आणि तेच ताव पहिले आत जातात. वेष्टनावर पुष्कळदा एक बाण छापलेला असतो. ‘ही बाजू आधी छापा’ असा त्याचा अर्थ. कागद बनताना त्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत, आणि कुठल्या बाजूने छापलं तर वळण कमी येईल हे बनवणाऱ्याला माहीत असतं. वरचा आणि तळाचा एकेक ताव खराब असेल तर बाजूला काढा.

कारखान्यात पातं एकदम अनेक ताव कापतं. त्या दाबाने कडा एकमेकींना बारीकशा चिकटून राहतात, म्हणून ताव सुटे करावे लागतात. इथे सवयीने लोक पत्ते पिसावेत तसा कागद फर्रकन फडफडवतात. काही मशीनच्या पुस्तिकांत तसं सांगितलेलं असतं, काहींत ते करूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण कोरड्या हवेत तेवढ्या घासण्यानेही ताव चिकटू लागतात. मी करतो ते सांगतो. शंभर-सव्वाशे ताव घ्यायचे, दोन्ही टोकं घट्ट धरायची आणि हात जवळ आणून गठ्ठ्याला वाटीसारखा खोलगट बाक द्यायचा. मग टोकं खाली नेऊन उलटा बाक द्यायचा. असं दोन-तीनदा. बाक देताना पहिल्यांदा कडेवर बारीक चरचर ऐकू येते, तो चिकटलेल्या कडा सुटल्याचा आवाज. दुसऱ्यांदा तो येत नाही, नुसती मऊ सळसळ होते. मग गठ्ठा उभा धरून लांब कड टेबलावर दोनदा हलकेच आपटायची, नंतर आखूड कड. अंगठा कडेवरून फिरवून बघा. भिंतीसारखी सपाट लागली पाहिजे. एखादा ताव बाहेर आलेला बोटाला लगेच कळतो.

ट्रेमध्ये थोडे ताव उरले असतील तर त्यांच्यावर नवे टाकू नका. ते बाहेर काढा, नव्यांबरोबर मिळवा, पुन्हा बाक देऊन, कडा जुळवून सगळे एकत्र ठेवा. जुने ताव खोलीच्या हवेचे, नवे वेष्टनातल्या हवेचे, दोघांचं वळण वेगळं. त्यांच्या सांध्यावर दोन ताव एकदम ओढले जातात. ट्रे भरल्यावर प्रिंट ठीक येतात आणि कागद संपत आला की अडकतो, असं होत असेल तर कारण बहुधा हेच.

कागद किती भरायचा याची खूण ट्रेच्या आतल्या भिंतीवर असते, बहुधा एक रेघ किंवा छोटा त्रिकोण. ती उंचीची खूण आहे. ट्रे पाचशे तावांचा आहे म्हणून पाचशे ताव भरायचेच असं नाही. १०० जीएसएमचा कागद जाड असतो, तो कमीच मावणार. रेघेच्या वर गेलात तर वरचे ताव तोंडाशी दाबले जातात. काही जुन्या ट्रेमध्ये पुढच्या कोपऱ्यांत धातूच्या छोट्या चिमट्या असतात. कागदाचे कोपरे त्यांच्या खाली गेले पाहिजेत, वर नव्हे.

गाइडबद्दल एकच सांगतो, ते कागदाला टेकले पाहिजेत, आवळले जाता कामा नयेत. सैल असले तर ताव तिरका जातो आणि छपाईची ओळ कलंडते. आवळले तर चळतीला मधोमध फुगवटा येतो. गाइड लावून झाल्यावर सगळ्यात वरचा ताव बोटाने थोडा उचलून सोडा. तो विनासायास खाली बसला तर बरोबर. बाजूचे दोन गाइड सगळे लावतात, मागचा विसरतात. आणि तो खाचेत बसल्याचा टक् आवाज आल्याशिवाय हात काढू नका. मशीनला कागदाचा आकार पुष्कळदा गाइडच्या जागेवरूनच कळतो. ए-४ आहे २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर हा अमेरिकी आकार आहे २१६ बाय २७९. रुंदीत सहा मिलिमीटरचा फरक, लांबीत अठराचा. गाइड लेटरवर आणि आत ए-४ असेल तर मशीनचा सगळा हिशोब चुकतो. ट्रे हळू सरकवून बंद करा. धाडकन ढकललेल्या ट्रेने केलेली जुळवाजुळव वाया जाते.

मग स्क्रीनवर जाऊन ट्रेमधल्या कागदाचा आकार आणि प्रकार सांगा. हे बहुतेक जण वगळतात. जाड कागद असेल तर मशीन वेग कमी करतं, फ्युजरची उष्णता त्यानुसार ठेवतं. जाड कागद घालून ‘साधा’ असं ठेवलं, तर टोनर नखाने खरवडला जातो. पातळ कागदाला ‘जाड’ सांगितलं तर तो जास्त तापून वळतो, कधी फ्युजरला गुंडाळला जातो.

लेटरहेड कसं ठेवायचं यावरून दर वेळी गोंधळ होतो. कोऱ्या तावावर पेन्सिलीने वरच्या बाजूला एक बाण काढा, टोक ट्रेच्या तोंडाकडे, आणि एक प्रिंट काढा. कुठली बाजू छापली गेली आणि मजकुराचा माथा कुठे आला ते लगेच कळेल. तोच ताव मशीनला चिकटवून ठेवा. दोन्ही बाजूंनी छापताना लेटरहेडची दिशा काही मशीनमध्ये बदलते, तेव्हा त्याचीही वेगळी चाचणी घ्या. उठावदार, बोटाला लागणाऱ्या अक्षरांची काही लेटरहेडं उष्णतेने अक्षरं फुगवून बनवलेली असतात. ती फ्युजरमध्ये पुन्हा वितळतात. लेसरमध्ये घालू नका.

पाठकोऱ्या कागदांविषयी मला मनापासून बोलायचं आहे, कारण कागद वाचवायची इच्छा चांगली आहे आणि नुकसान मात्र मोठं होतं. एकदा छापलेल्या तावातला टोनर फ्युजरच्या उष्णतेने पुन्हा मऊ होतो आणि रोलरला लागू शकतो. मग पुढच्या प्रत्येक प्रिंटवर ठरावीक अंतराने तोच डाग येतो. ताव आधीच वळलेला असतो, कोपरा दुमडलेला असतो. आणि एखाद्यात स्टेपलची पिन राहून गेली तर ती फ्युजरच्या पातळ आवरणावर ओरखडा काढते. मग फ्युजरच बदलावा लागतो, एका पिनेपायी. पाठकोरे ताव टिपणवह्यांसाठी ठेवा. मशीनमध्ये वापरायचेच असतील तर न स्टेपल केलेले, न दुमडलेले, रात्रभर वजनाखाली सपाट केलेले, तेही बायपास ट्रेमधून, म्हणजे बाहेर उघडणाऱ्या छोट्या ट्रेमधून, थोडे थोडे. मुख्य ट्रेमध्ये कधीच नाही.

लेबलच्या शीटमधून एक जरी लेबल काढलेलं असेल तर ती शीट परत घालू नका. उघड्या जागेवरचा गोंद किंवा सुटलेलं लेबल आत ड्रमला, म्हणजे ज्यावर आधी टोनरचं चित्र उमटतं त्या नळकांड्याला, चिकटतं. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो पेपर किंवा पारदर्शक फिल्म लेसरमध्ये वितळते, फ्युजर जातो. जाड कार्ड आणि पाकिटं बायपासमधून घाला आणि मशीनला मागचं सरळ दार असेल तर ते उघडा, म्हणजे वळणं कमी होतात.

कागद अडकलाच, तर काढायचा कसा हेही भरण्याइतकंच महत्त्वाचं. अर्धा ताव ट्रेमधून दिसतोय म्हणून मागे खेचू नका. शक्य असेल तिथे कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, दोन्ही बाजू सारख्या धरून, सावकाश ओढा. हिरवी किंवा निळी मूठ दिसली तर ती फिरवा, ती त्यासाठीच दिलेली असते. फ्युजरजवळ हात नेण्याआधी तो निवू द्या. तिथवर न पोचलेल्या तावावरचा टोनर कच्चा असतो, हाताला लागला तर गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो आणखी चिकटतो. ड्रमला बोट लावू नका, तो बाहेर काढला तर कागदाने झाका, उजेडाने खराब होतो.

आणि ताव फाटला तर तुकडे टेबलावर मांडून पूर्ण ताव होतो का ते बघा. मी एका मशीनवर दोन तास घालवले होते. जॅम काढलेला, वाट मोकळी, तरी स्क्रीनवरचा संदेश जाईना. शेवटी विजेरी तिरकी धरली तेव्हा दिसलं. फ्युजरच्या तोंडाशी काळ्या प्लॅस्टिकची काडीएवढी पट्टी असते. ताव आला की ती झुकते आणि गेला की परत उभी राहते. तिच्या बुंध्याशी नखाएवढा कागदाचा तुकडा अडकला होता आणि पट्टी झुकलेलीच राहिली होती. मशीनला वाटत होतं अजून कागद तिथेच आहे. चिमट्याने तुकडा काढला आणि मशीन सुरू झालं.

वरून मूळ कागद घालतो त्या फीडरलाही हीच शिस्त लागते, आधी पिना काढा, कोपरे सरळ करा, व्हाइटनर वाळू द्या. कॉपीवर वरून खालपर्यंत सरळ रेघ येत असेल तर काचेच्या मोठ्या तावदानाशेजारची अरुंद पट्टी पुसा, रेघ पाडणारा कण तिथे असतो.

रोलर महिन्यातून एकदा, मशीन बंद करून, धागे न सुटणाऱ्या कापडाला पाणी लावून, घट्ट पिळून, फिरवत पुसा. कापडावर पांढरट भुकटी येईल. कागदात घातलेली खडूसारखी पूड आणि तंतूंचा चुरा असतो तो. स्पिरिट किंवा तेल लावू नका, रबर कडक किंवा गुळगुळीत होतं.

तुम्ही उद्या एवढं करा. ट्रेमधला सगळा कागद काढून टाका, रोलर पुसा, खोलीत रात्रभर राहिलेली नवी रीम फोडून अर्धाच ट्रे भरा, मागचा गाइड टक् वाजेपर्यंत लावा, स्क्रीनवर आकार आणि प्रकार तपासा. मशीनवर एक कागद चिकटवा आणि आठवडाभर प्रत्येक जॅमची नोंद ठेवा: कोणता ट्रे, एका बाजूची प्रिंट की दोन्ही, ताव कुठे थांबला होता, सपाट होता की घडी पडलेला, आणि स्क्रीनवर दिसलेला बिघाडाचा आकडा कोणता. एवढं करूनही ताव एकाच जागी थांबत असेल, तर तिथे बहुधा खरंच एखादा रोलर, क्लच (रोलरचं फिरणं चालू-बंद करणारा भाग) किंवा सेन्सर गेलाय. ती नोंद दुरुस्तीला येणाऱ्याच्या हातात द्या. तो सरळ त्याच जागेचं दार उघडेल.